आश्रयदाता संत : मराठी प्रदेशातील कॅथलिक चर्च व संतभक्ती

रोमन कॅथलिक पंथात एखादे चर्च, गाव, धर्मप्रांत, व्यवसाय किंवा राष्ट्र ज्या संताच्या विशेष संरक्षणाखाली असल्याचे मानले जाते, त्या संतास आश्रयदाता संत म्हणतात. संत स्वतःच्या सामर्थ्याने काही देत नाही, तर परमेश्वराजवळ भक्तासाठी विनंती करतो, अशी या कल्पनेमागील धर्मशास्त्रीय भूमिका आहे. महाराष्ट्र व गोमंतक या प्रदेशांत ही भक्ती सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबर आली आणि पुढे तिने मराठी भाषेचे व मराठी लोकाचाराचे रूप धारण केले. या स्थित्यंतराचा विचार करताना गोदावरीकाठचे पैठण दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. ज्या ओवीतून ख्रिस्ती संतचरित्रे मराठीत अवतरली, त्या ओवीचा एक थोर उपासक संत एकनाथ (१५३३–१५९९) हा पैठणचा. शिवाय ज्या जिल्ह्यात पैठण मोडते, त्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिक मिशनचे कार्य वाढले आणि त्यातून पुढे स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला.

संकल्पना व विकास : संतांच्या स्मरणाचा उगम आरंभीच्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी आहे. रोमन साम्राज्यात धर्मासाठी प्राण देणाऱ्यांच्या दफनस्थानी त्यांच्या मृत्युदिनी जमून प्रार्थना करण्याची प्रथा दुसऱ्या शतकात रूढ झाली होती. मृत्यूचा दिवस हाच संताचा स्वर्गातील जन्मदिवस, अशी त्यामागील श्रद्धा होती. म्हणून आजही बहुतेक संतांचे सण त्यांच्या निधनाच्या तिथीस येतात. येशू ख्रिस्त, त्याची माता मारिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान या तिघांचेच जन्मदिवस पंचांगात साजरे होतात. आपल्याकडील संतांच्या पुण्यतिथ्यांशी ही प्रथा सहज ताडून पाहता येते. पैठणचा मुख्य उत्सव असलेली नाथषष्ठी हीदेखील फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे एकनाथांच्या निर्वाणतिथीसच होते.

हुतात्म्यांच्या थडग्यांवर पुढे चर्चे उभी राहिली. जेथे थडगे नव्हते तेथे वेदीत संताचे अवशेष ठेवण्यात येऊ लागले व त्या संताचे नाव चर्चला मिळू लागले. या भक्तीचे मूर्तिपूजेत रूपांतर होते, असा आक्षेप वेळोवेळी घेतला गेला. नायसीयाच्या दुसऱ्या परिषदेने (७८७) त्यास उत्तर म्हणून एक भेद स्पष्ट केला : आराधना केवळ परमेश्वराची, संतांच्या प्रतिमांना द्यावयाचा तो आदर, आणि तो आदर प्रतिमेस नव्हे, तर प्रतिमेने सूचित होणाऱ्या व्यक्तीस पोहोचतो. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी संतांच्या मध्यस्थीची कल्पनाच नाकारली. त्यावर ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये ही भक्ती उपयुक्त ठरविली. मात्र तीतील अंधश्रद्धा व द्रव्यलोभ यांना आळा घालण्याची आज्ञाही धर्माध्यक्षांना दिली.

संत कोणास म्हणावे, हे आरंभी स्थानिक लोक व धर्माध्यक्ष ठरवीत. तेराव्या शतकात हा अधिकार पोपकडे राखून ठेवण्यात आला. १५८८ मध्ये या कामासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. उमेदवाराचे चरित्र, लेखन आणि त्याच्या मध्यस्थीने घडल्याचे सांगितले जाणारे चमत्कार यांची चौकशी होऊन प्रथम 'धन्य' व नंतर 'संत' अशा पायऱ्यांनी घोषणा होते. प्रत्येक चर्चला प्रतिष्ठापनेच्या वेळी एक नाव दिले जाते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार हे नाव प्रतिष्ठापनेनंतर बदलता येत नाही. ते संताचेच असते असे नाही. पवित्र त्रैक्य, येशूच्या जीवनातील एखादी घटना, मारिया किंवा देवदूत यांवरूनही ते दिले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. चर्चला विधिपूर्वक दिलेले नाव आणि लोकांनी प्रत्यक्षात आपला मानलेला संत हे नेहमी एकच असतात असे नाही. नाव अधिकाराने देता येते, आपलेपणा मात्र लोकांच्या भाषेतून, सणांतून आणि अनुभवातूनच येतो. मराठी प्रदेशातील कॅथलिक संतभक्तीचा इतिहास मुख्यतः या दोहोंमधील अंतराचा व ते अंतर भरून निघण्याचा इतिहास आहे.

गोमंतकातील आरंभ : अफांसो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण होता. म्हणून तिला शहराची आश्रयदात्री मानण्यात आले. गोव्याचे मुख्य धर्मपीठ असलेले 'से' कॅथीड्रल तिलाच अर्पण केलेले आहे. त्याचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले व १६१९ मध्ये इमारत पूर्ण झाली. मुख्य वेदीमागील सोनेरी काष्ठपटावर तिच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. या नावामागे विजयाची आठवण आहे. ते जेत्यांनी आपल्या पंचांगातून दिलेले नाव होते.

या आरंभाला बळजबरीची बाजू होती, हे नोंदविणे अगत्याचे आहे. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास व साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडण्यात आली. अनेक ठिकाणी देवळांच्या जागी चर्चे उभी राहिली, तर कित्येक गावांच्या कुलदेवता भक्तांनी फोंडा महालात हलविल्या. १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायासन (इन्क्विझिशन) मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या चालीरीती, वेष, लग्नविधी यांवर त्याची करडी नजर असे. ज्यांना आपल्या ग्रामदेवतेस मुकावे लागले, त्यांच्यापुढे नव्या चर्चच्या संताचे नाव ठेवण्यात आले, ते या परिस्थितीत.

तथापि गोव्यात एका संताने लोकमानसात जे स्थान मिळविले, ते निव्वळ सत्तेच्या बळाने उलगडत नाही. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–१५५२) हा जेझुइट धर्मप्रचारक ६ मे १५४२ रोजी गोव्यास आला. दक्षिण किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे व जपान येथे प्रवास करून ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर तो मरण पावला. त्याचे शव १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आले. १६२२ मध्ये तो संत घोषित झाला आणि त्यानंतर त्याचे शव जुन्या गोव्यातील 'बॉम जेझुस' चर्चमध्ये ठेवण्यात आले. तेथील समाधिरचना तस्कनीच्या ड्यूकने करवून दिली असून ती १६९८ मध्ये उभी राहिली. शवाचे जाहीर दर्शन साधारणतः दर दहा वर्षांनी घडविण्यात येते. अलीकडील दर्शनसोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला. हिंदू भाविकही या दर्शनास जातात व या संतास 'गोंयचो सायब' असे म्हणतात. वस्तुतः हे चर्च बाळ येशूच्या नावाचे आहे; त्यातील एका बाजूच्या कपेलीत झेव्हिअरची समाधी आहे. परंतु यात्रेकरूंच्या लेखी ते त्या संताचेच चर्च होय.

पुराण व ओवी : संत आपलासा व्हावयाचा, तर त्याची कथा आपल्या भाषेत ऐकावयास मिळाली पाहिजे. ही गरज ओळखणाऱ्यांत इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याचे नाव अग्रगण्य आहे. तो १५७९ मध्ये गोव्यास आला व आयुष्याचा बहुतेक काळ त्याने साष्टीत घालविला. जुनी पुराणे वाचण्यास बंदी झाली, परंतु त्यांच्या जागी ऐकण्याजोगे काही मिळाले नाही, अशी नवख्रिस्ती लोकांची तक्रार होती. त्या तक्रारीतून आपल्या काव्याचा जन्म झाल्याचे त्याने ग्रंथारंभीच कथारूपाने सूचित केले आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. विषय बायबलचा असला, तरी वैकुंठ, गुरू, भक्ती, मोक्ष हा शब्दसंभार मराठी पुराणपरंपरेचा आहे.

या परंपरेचे त्या काळातील एक प्रमुख पीठ पैठण होते. सातवाहनांची राजधानी म्हणून प्राचीन काळी प्रसिद्ध असलेले हे नगर मध्ययुगात विद्येचे व धर्मनिर्णयाचे केंद्र बनले होते. ज्ञानेश्वर व त्यांची भावंडे शुद्धिपत्रासाठी येथेच आली, अशी परंपरा आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केली आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. संस्कृतात आहे ते प्राकृतात आणल्याने त्याची पवित्रता उणावत नाही, हा त्यांचा आग्रह होता. एकनाथी भागवत आणि ख्रिस्तपुराण यांच्यात जेमतेम त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. श्रोत्यांस सन्मुख ठेवून निरूपण करणे, दृष्टांतांची मालिका उभारणे, भाषेचा अभिमान निःसंकोच प्रकट करणे या बाबतींत दोहोंचे घराणे एकच दिसते. पाश्चात्त्य मिशनऱ्याला मराठीत धर्मकथा सांगता आली, याचे कारण धर्मकथा मराठीत सांगण्याची वाट आधीच तयार झालेली होती.

स्टीफन्सच्या मागून संतचरित्रांकडे स्पष्टपणे वळलेले ग्रंथ आले. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ याने सेंट पीटरच्या जीवनावर रचलेले पुराण १६२९ पासून दोन भागांत छापले गेले. आंतोनियु द साल्दान्य या पाद्र्याने पाद्वा येथील संत अँथनीची (११९५–१२३१) चरित्रकथा रचली व ती १६५५ मध्ये प्रसिद्ध झाली. सांतु आंतोनीची जीवित्वकथा या नावाने ती ओळखली जाते. हरवलेली वस्तू मिळवून देणारा व संकटात धावून येणारा म्हणून हा संत गोव्यात अतिशय लोकप्रिय आहे. त्याचे चरित्र येथील बोलीत उपलब्ध होणे ही आश्रयदाता संताच्या भक्तीच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना होय.

ही परंपरा फार काळ टिकली नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉयने १६८४ मध्ये काढलेल्या हुकमाने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांच्या आत सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारण्यास सांगण्यात आले. भाषेचा पूर्ण लोप झाला नाही. पण ग्रंथनिर्मितीचा ओघ आटला. ख्रिस्तपुराण मात्र हस्तलिखितांच्या रूपाने चर्चांतून व घरांतून गायिले जात राहिले. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची रोमन लिपीतील आवृत्ती व १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती निघाली, तेव्हा ते मराठी वाचकांस पुन्हा उपलब्ध झाले.

वसई व मुंबई : उत्तर कोकणात वसई हे १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. चिमाजी आप्पाने ते जिंकल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली. कॅथलिक समाज व त्याची चर्चे मात्र राहिली. सत्तेचा आधार सुटल्यानंतरही संतांचे सण चालू राहिले, यावरून ही भक्ती एव्हाना लोकांची झाली होती, असे म्हणता येते. वसईतील सामवेदी, वाडवळ, कोळी इ. समाजांच्या बोली मराठीच्या कुळातील आहेत आणि त्यांच्या लग्नगीतांत व सणांत जुना लोकाचार टिकून आहे.

भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत याच वसईचा. गोन्सालो गार्सिया (सु. १५५६–१५९७) हा फ्रान्सिस्कन बंधू जपानात गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला. वसईजवळील गास येथे त्याच्या नावाचे चर्च आहे. परदेशातून आलेल्या संतांच्या नामावळीत आपल्या गावच्या माणसाचे नाव यावे, याचे वसईकरांना विशेष अप्रूप आहे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला.

मुंबईत वांद्रे येथील टेकडीवरील मारियेचे देवालय 'माउंट मेरी' या नावाने प्रसिद्ध असून आजची इमारत १९०४ मधील आहे. ८ सप्टेंबर या मारियेच्या जन्मदिनानंतरच्या रविवारपासून तेथे आठवडाभर जत्रा भरते. कोळी समाजात ही देवता 'मोत माउली' म्हणून ओळखली जाते. 'मोत' हे 'माउंट'चे रूप मानले जाते, तर 'माउली' हा शब्द थेट वारकरी संप्रदायाच्या ओठांवरचा आहे. मेणाचे हात, पाय, मूल, घर अर्पण करून नवस फेडण्याची तेथील प्रथा सर्वधर्मीयांत रूढ आहे.

मराठवाडा व पैठण परिसर : कोकणात कॅथलिक पंथ समुद्रमार्गे व राजसत्तेसह आला, गोदावरीच्या खोऱ्यात तो तीन शतकांनी, पोर्तुगीज सत्तेशी संबंध नसताना आला. पैठणचा प्रदेश तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता व १९४८ पर्यंत राहिला. औरंगाबाद येथे छावणीतील सैनिकांसाठी धर्मगुरू असत. ग्रामीण भागातील कार्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घोगरगाव येथील केंद्रापासून गती मिळाली. हे कार्य मुख्यतः 'सेंट फ्रान्सिस द सेल्सचे मिशनरी' या संघाकडे होते. प्येर मारी मेर्मिए याने १८३८ मध्ये फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतात आन्सी येथे या संघाची स्थापना केली. संघाचे पहिले मिशनरी १८४५ मध्ये भारतात आले. १८८७ मध्ये स्थापन झालेला नागपूरचा धर्मप्रांतही याच संघाच्या हाती होता. मराठवाड्यात काम करणाऱ्यांपैकी फादर गुरियन जाकिए यांचे नाव तेथील ख्रिस्ती समाजात आजही आदराने घेतले जाते.

बाप्तिस्मा घेणारे बहुतेक लोक महार व मांग समाजांतील होते. १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी हा प्रदेश होरपळून निघाला होता. मिशनने केलेले मदतकार्य, शाळा व दवाखाने यांचे आकर्षण होतेच. परंतु त्याहून मूलगामी कारण सामाजिक होते. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, शाळेत बसता येत नव्हते व देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या वस्तीत येऊन राहणारा व त्यांच्या मुलांस अक्षर शिकविणारा पाद्री हा त्यांचा पहिला अनुभव होता. पैठणमध्येच, गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्याच्या मुलास एकनाथांनी कडेवर घेतल्याची आख्यायिका तीन शतके सांगितली जात होती. परंतु आख्यायिकेतील समता गावाच्या व्यवहारात उतरली नव्हती. या उणिवेचे भान ठेवल्यावाचून या भागातील धर्मांतराचा उलगडा होत नाही.

खेड्यांतील दैनंदिन धार्मिक जीवनाचा कणा 'मास्तर' हा होता. तो शाळा चालवी, प्रार्थना शिकवी, आजाऱ्यांस भेटे व पाद्री नसताना रविवारची उपासना घेई. मिस्सा लॅटिनमध्ये होई. परंतु प्रार्थना, भजने व संतांच्या गोष्टी मराठीत असत. नगर जिल्ह्यातील जेझुइट मिशनमधून १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले निरोप्या हे मासिक या वाचकवर्गासाठी महत्त्वाचे ठरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्साही मराठीत होऊ लागली व टाळ, मृदंग, आरती यांना चर्चमध्ये जागा मिळाली.

प्रशासनाच्या दृष्टीने हा भाग १९५५ मध्ये नागपूरहून वेगळ्या झालेल्या अमरावती धर्मप्रांतात गेला. डिसेंबर १९७७ मध्ये औरंगाबादच्या स्वतंत्र धर्मप्रांताची घोषणा झाली व डॉमिनिक अब्रेओ हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. धर्मप्रांताचे मुख्य चर्च सेंट फ्रान्सिस द सेल्स याच्या नावाचे आहे. नागपूरचे कॅथीड्रलही त्याच संतास अर्पण केलेले आहे. आन्सीहून आलेल्या मिशनऱ्यांनी आपला संत बरोबर आणला, असा या नावांचा सरळ इतिहास आहे.

सेंट फ्रान्सिस द सेल्स व एकनाथ : फ्रान्सिस (१५६७–१६२२) हा सव्हॉयमधील सरदार घराण्यातील होता. १६०२ मध्ये तो जिनीव्हाचा बिशप झाला. परंतु ते शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्याला आन्सी येथे राहावे लागले. विरोधकांशी सौम्यपणे वागणे हा त्याचा विशेष होता. त्याचे प्रवचन ऐकण्यास लोक येईनात, तेव्हा त्याने हस्तपत्रके लिहून ती दारांच्या फटींतून घरांत सरकविली. यामुळे १९२३ मध्ये पोपने त्यास कॅथलिक लेखक व पत्रकार यांचा आश्रयदाता घोषित केले. १६६५ मध्ये तो संत व १८७७ मध्ये चर्चचा 'आचार्य' म्हणून मान्य झाला होता. त्याचा सण २४ जानेवारीस येतो.

१६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भक्तिमय जीवनासंबंधीच्या त्याच्या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत असा, की भक्ती ही केवळ मठवासीयांची मिरास नाही. सैनिक, कारागीर, दरबारी, विवाहित स्त्री या प्रत्येकाने आपापल्या अवस्थेस साजेशी भक्ती आचरावी. जी भक्ती कर्तव्याच्या आड येते, ती खरी नव्हे. पैठणच्या एकनाथांचे जीवन हा याच विचाराचा मराठी आविष्कार होय. त्यांनी गिरिजाबाईंसह संसार केला, अन्नदान चालविले, कीर्तन केले आणि प्रपंच न टाकता परमार्थ साधता येतो हे दाखवून दिले. फ्रान्सिसने सामान्यांसाठी फ्रेंच वापरली, तशी एकनाथांनी मराठी. भारुडांत तर त्यांनी महार, जोशी, गोंधळी यांच्या तोंडची भाषा आणली. या दोघांचा परस्परांशी संबंध आला नाही आणि त्यांची तत्त्वज्ञाने भिन्न आहेत. तरीही एकनाथांच्या जिल्ह्यातील ख्रिस्ती धर्मप्रांताचा आश्रयदाता गृहस्थाश्रमाचा कैवारी असावा, हे साम्य लक्षणीय आहे. सव्हॉयहून आलेला संत येथे सर्वस्वी परका ठरला नाही, त्याचे एक कारण या साम्यात आहे.

दोहोंकडील भक्तीतला भेदही विसरता कामा नये. वारकरी संप्रदायात संत व देव यांचे ऐक्य मानले जाते आणि संताच्या समाधीस देवस्थानाचे माहात्म्य प्राप्त होते. कॅथलिक मतानुसार संत हा अखेरपर्यंत मनुष्यच राहतो. तो अनुकरणीय आहे, पूज्य आहे, पण आराध्य नाही. लोकव्यवहारात ही सीमारेषा पुसट होते व धर्मगुरूंना ती पुनःपुन्हा स्पष्ट करावी लागते.

हरेगावची मतमाउली : पैठणच्या वरच्या अंगास, गोदावरी व प्रवरा यांच्या दरम्यानच्या प्रदेशात श्रीरामपूर तालुक्यात (अहिल्यानगर जिल्हा) हरेगाव आहे. साखर कारखान्यामुळे येथे कामगारांची वस्ती वाढली होती. जेझुइट फादर बाडर यांनी १९४९ मध्ये येथे मारियेच्या जन्मोत्सवाची यात्रा सुरू केली. सप्टेंबरमधील दुसऱ्या शनिवारी व रविवारी भरणाऱ्या या यात्रेस नगर, नाशिक, पुणे, मुंबई व मराठवाडा येथून भाविक येतात. कित्येक जण पायी येतात. येथील चर्च संत तेरेजाच्या नावाचे आहे. परंतु यात्रा 'मतमाउली'ची म्हणूनच ओळखली जाते. जुन्या गोव्यात दिसणारे नाव व भक्ती यांतील अंतर येथेही दिसते. यात्रेपूर्वी नऊ दिवसांची प्रार्थना (नोव्हेना), मिरवणूक, मिस्सा व नवस असे तिचे स्वरूप असते. पायी चालणे, माउलीचा गजर, मुक्काम, ओळखीच्यांची वर्षातून एकदा होणारी भेट या सर्वांतून वारीचा संस्कार उघड दिसतो. पंढरीस जाण्याची पूर्वजांची ओढ धर्मांतराने संपली नाही. तिला दुसरी वाट मिळाली, असे म्हणता येईल.

सण व लोकाचार : आश्रयदात्या संताचा सण गोव्यात 'फेस्त' व वसईत नुसता 'सण' म्हणून ओळखला जातो. नऊ दिवसांची प्रार्थना, वेस्पर, गायनासह मिस्सा, संताच्या मूर्तीची मिरवणूक, जत्रा व गावजेवण हे त्याचे मुख्य भाग होत. परगावी गेलेली माणसे यानिमित्त गावी परततात. कित्येक सण व्यवसायांशी निगडित आहेत. २९ जून रोजी सेंट पीटर व पॉल यांच्या सणास गोव्यातील मच्छीमार होड्या एकत्र बांधून त्यांवर 'सांगोड' साजरा करतात, कारण पीटर हा स्वतः कोळी होता. २४ जूनच्या 'सांजांव' सणास तरुण विहिरींत व ओढ्यांत उड्या घेतात; पावसाळ्याच्या आरंभाचा आनंद त्यात मिसळलेला असतो.

सामाजिक बाजू : संत सर्वांचा असला, तरी त्याचा सण सर्वांचा असतोच असे नाही. गोव्यात सण साजरा करण्याचा मान 'कोंफ्रारी' नामक बंधुमंडळांकडे असे. त्यांचे सभासदत्व दीर्घकाळ जातीनुसार ठरे व मिरवणुकीत कोणी कोणता झगा घालावा, यावरूनही तंटे होत. चर्चने जातिभेद तत्त्वतः अमान्य केला आहे; तथापि लग्नसंबंध व मानपान यांत तो पूर्णपणे नाहीसा झालेला नाही.

गोदावरीच्या खोऱ्यातील ख्रिस्ती समाजापुढे आणखी एक प्रश्न आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित करण्यात आला. तो १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांस लागू झाला. ख्रिस्ती दलितांस मात्र तो मिळालेला नाही. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांना वेगळ्या नजरेने पाहिले नाही. पण कायद्याने त्यांची गणना वेगळी केली. मतमाउलीच्या यात्रेस पायी येणाऱ्या समाजातील पुष्कळांचा हा अनुभव आहे.

मूल्यमापन : १९६९ मध्ये चर्चने आपले पंचांग सुधारले. ज्यांच्या चरित्रास पुरेसा ऐतिहासिक आधार नव्हता, अशा काही संतांचे सण सार्वत्रिक पंचांगातून त्या वेळी वगळण्यात आले. त्यांत गोव्याची आश्रयदात्री कॅथरिन हिचाही समावेश होता. २००२ मध्ये तिचे स्मरण ऐच्छिक स्वरूपात पुन्हा समाविष्ट झाले. कॅथीड्रलचे नाव या काळात बदलले नाही. आश्रयदात्या संताचे स्थान केवळ चरित्रातील पुराव्यांवर अवलंबून नसते, ते त्याच्याभोवती जमलेल्या समाजाच्या स्मृतीवरही अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

मराठी प्रदेशात या स्मृतीचे तीन स्तर आढळतात : विजेत्यांनी दिलेले नाव, मिशनऱ्यांनी बरोबर आणलेला संत आणि लोकांनी आपल्या शब्दांत हाक मारलेली माउली. पहिल्याकडून तिसऱ्याकडे होणारा प्रवास भाषेच्या साहाय्याने झाला आणि ती भाषा घडविण्यात पैठणच्या एकनाथांसारख्या संतांचा वाटा मोठा आहे. धर्मभेद ओलांडून भाषेने केलेले हे कार्य मराठी संस्कृतीच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. मात्र संतांनी शिकविलेली समता विहिरीवर, पंगतीत आणि मिरवणुकीत कितपत उतरली, हा प्रश्न पैठणच्या वाळवंटातील आख्यायिकेइतकाच जुना असून तो मठ आणि चर्च या दोहोंनाही सारखाच लागू आहे.